नववी भट्टी आणि एक बीम टॉवेल

सोलापुरात कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. बाहेरच्या लोकांना हा या शहराचा चांगुलपणा वाटतो. तसं काही नाही. नाही म्हटलं की समोरचा कारण विचारतो, कारण सांगायला बसावं लागतं, तेवढ्यात चहा येतो आणि अख्खी सकाळ मोडते. त्यापेक्षा 'बघू की' म्हटलं की दोघंही मोकळे. माझ्या वाट्याला मात्र या 'बघू की'चा एक खास प्रकार आलेला आहे. मला लोक म्हणतात, "ऐकतो सवडीनं."

याचं कारण मी हेवी मेटल ऐकतो. हेवी मेटल म्हणजे विजेच्या गिटारी, दोन्ही पायांनी ढोल बडवणारा ड्रमर आणि बेंबीच्या देठापासून ओरडणारा गायक असं संगीत. ज्यांना ते आवडतं त्यांना समजावून सांगावं लागत नाही आणि ज्यांना आवडत नाही ते समजावू देत नाहीत. पोटापाण्यासाठी मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. म्हणजे कोणी न वाचलेली पुस्तकं पुढे करणं हे माझं पगारी काम आणि कोणी न ऐकलेले अल्बम पुढे करणं हे बिनपगारी. दोन्हीकडे यश सारखंच आहे.

त्या अल्बमांत माझा जीव अडकलाय तो एकातच. स्वीडनमधल्या एका कारखान्याच्या गावात मॉर्गव्हेल्ट नावाचा बँड होता. त्यांनी आयुष्यात एकच अल्बम काढला, 'द नाइन्थ फर्नेस', म्हणजे नववी भट्टी. तो कोणी घेतला नाही, बँड मोडला, ड्रमर पुढे गुरांचा डॉक्टर झाला. त्या अल्बमच्या तिसऱ्या गाण्यात सगळी वाद्यं मधेच एकदम थांबतात. ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं. आणि मग जे येतं ते शब्दांत सांगता येत नाही. सांगायचा प्रयत्न मी पुष्कळ जणांपाशी केला. सगळे म्हणाले, ऐकतो सवडीनं.

माझ्या बायकोनं, हेमावतीनं, एवढंही म्हटलं नाही. ती शाळेत गणित शिकवते. तिनं फक्त विचारलं, "आधीच्या आठ भट्ट्या कुठं गेल्या?" आणि घरात कानात हेडफोन घातल्याशिवाय काही ऐकायचं नाही असा कायदा केला. तो आजतागायत मी पाळत आलो. माझी मागणी काय फार मोठी होती का? अख्ख्या सोलापुरात एका माणसानं, फक्त एकानं, नववी भट्टी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकावी. इतकंच.

आता तुम्ही म्हणाल, इतर शौकीन नाहीत का? आहेत. 'सोलापूर मेटल मंडळ' नावाचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात दातांचे डॉक्टर शिवानंद आहेत. ठिबकच्या पाइपांचा दुकानदार अमृत आहे. त्याचे केस कधीकाळी खांद्यापर्यंत होते, आता ते कुठंच नाहीत, पण टी-शर्ट अजून काळेच असतात. आणखी चारदोन मंडळी आहेत. मी दर रविवारी तिथं एका उपेक्षित अल्बमची शिफारस टाकतो. त्याखाली कोणीतरी अंगठा दाखवतं आणि त्याखाली कोणीतरी गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ लिहून पाठवतं.

दिवाळीच्या आधी अमृतनं निरोप टाकला. "मित्रहो, ग्रुपवर मेटल कमी आणि फुलं जास्त झालीत. यंदा कुंभारीला माझ्या शेतात हुरड्याला भेटू, मनसोक्त खाऊ आणि ग्रुप बंद करून टाकू." या निरोपाला जेवढे अंगठे आले तेवढे माझ्या एकाही शिफारशीला कधी आले नव्हते. मला ते लागलं. ग्रुप गेला तर मी शिफारस करणार कोणाला? हुरड्यापर्यंत काहीतरी करणं भाग होतं.

ते काय करायचं हे मला आमच्या कॉलेजात सुचलं. एक प्राध्यापक निवृत्त झाले, त्यांचा सत्कार होता. टोपी, टॉवेल, नारळ. भाषणं चौघांनी केली, ऐकली कोणी नाहीत. प्राचार्य बोलत असताना उत्सवमूर्ती मात्र मांडीवरचा टॉवेल बोटांनी चाचपून त्याची जाडी बघत होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सोलापूरचा माणूस लग्नात, बारशात, निवडणुकीत आणि मयतीत टॉवेल घेतो आणि घरी नेऊन वापरतो. टॉवेलाला 'सवडीनं' म्हणणारा मी जन्मात पाहिलेला नाही. मग अल्बमचं मुखपृष्ठच टॉवेलावर विणून घ्यावं आणि कोपऱ्यात पानपट्टीवर पैसे द्यायला असतो तसला काळा-पांढरा चौकोन टाकावा. अंग पुसता पुसता माणसानं फोन धरायचा की नववी भट्टी सुरू.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अंबादासचा कारखाना आहे. शाळेत तो माझ्या बाकावर होता. मागांच्या खडखडाटात मी त्याला मुखपृष्ठाचं चित्र दाखवलं. काळ्या पार्श्वभूमीवर भट्टीच्या तोंडातून बाहेर बघणारी कवटी.

"किती काढायचे सर?" तो मला मित्र असूनही सर म्हणतो, कारण त्याची मुलगी आमच्या कॉलेजात आहे.

"बारा."

"बारा डझन?"

"बारा टॉवेल."

अंबादासनं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "सर, बारा टॉवेलला माग कोण बांधतंय? नवीन डिझाइन म्हणजे एक बीम तरी उतरवायलाच लागतो."

बीम म्हणजे मागाच्या पाठीमागे असतो तो उभ्या सुताचा अजस्र रूळ. एकदा चढवला की सूत संपेपर्यंत माग विणत राहतो. मी विचारलं, एका बीमात किती टॉवेल होतात? तो म्हणाला, "घाबरू नका. संपतात की." इथं मी स्पष्ट नाही म्हणायला हवं होतं. पण मी पडलो सोलापूरचा. मी म्हणालो, "बघू की."

'बघू की'चा अर्थ नाही असा होतो हे इथं शेंबडं पोरही जाणतं. फक्त ऑर्डर घेणाऱ्याच्या कानाला ते हो असं ऐकू येतं, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. आठवड्यानं अंबादासचा फोन आला की बीम निम्मा झालाय, पण चौकोन काही जमत नाही. टॉवेलावरच्या सुताच्या कड्या फुगतात आणि फोनला काही कळत नाही. "तो चौकोन मी काढून टाकला, तुम्ही छापील लेबल शिवून घ्या," तो म्हणाला. मी हतबुद्ध होऊन म्हणालो, "बघू की." त्यानं लेबलंही छापून टाकली.

वसुबारसेला आमच्या शुक्रवार पेठेच्या बोळात टेम्पो शिरला. तो शिरला तो अडकला आणि त्यामुळे सगळी गल्ली बाहेर येऊन बघायला मोकळी झाली. टेम्पोतून टॉवेल उतरले नाहीत, टॉवेलांचे तागे उतरले. न कापलेले, न शिवलेले, लांबच लांब. मी अंबादासला फोन लावला. तो म्हणाला, "कापायचं-शिवायचं तुम्ही बोलला नव्हता की."

हेमावतीनं एका ताग्याचं टोक उलगडलं. उलगडल्यावर मलाही पहिल्यांदाच ते दिसलं. कवटी होती. पण ती हसत होती. गाल वर आले होते. भट्टीच्या ज्वाळांच्या जागी चहूबाजूंनी कोयऱ्यांची नक्षी होती. अंबादासनं फोनवर खुलासा केला की घरात लहान लेकरं असतात, कवटीला अंग कोण पुसणार, म्हणून जरा हसवली, आणि काठाला कोयरी नसेल तर टॉवेल नुसता भुंडा दिसतो.

"हे कोण?" हेमावतीनं विचारलं.

"मृत्यू," मी म्हणालो.

"मग हसतोय कशाला?"

मी अल्बमची पार्श्वभूमी सांगायला सुरुवात केली. "साकु," ती म्हणाली. हेमावतीचं माहेर अक्कलकोटचं. ती कानडीत 'पुरे' म्हणाली की आमच्या घरात विषय संपतो.

गल्लीचा विषय मात्र आत्ता सुरू झाला होता. कोणी म्हणालं रंगवून घ्या, कोणी म्हणालं पायपुसणी करा, एकानं गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल टाकायचा सल्ला दिला आणि जागाही धरून देतो म्हणाला. समोरच्या वैजयंती काकूंनी टॉवेल दोन्ही हातांत धरून लांबून पाहिला. काकू मूळच्या मोहोळकडच्या. इथं त्या ब्लाउज शिवतात आणि गल्लीत कोणाचं काय चाललंय याची खबर ठेवतात.

"बाळाचं तोंड हाय न्हवं? बारशाला चालतंय की," त्या म्हणाल्या. मृत्यूचं बाळ झालं होतं.

शेवटी हेमावतीनंच सूत्रं हाती घेतली. तिला दिवाळीची सुट्टी होती. काकूंचं मोटारीचं मशीन आमच्या हॉलमध्ये आलं. एकीनं कापायचं, एकीनं शिवायचं, लेबल आत अडकवायचं. मशीन सुरू झालं आणि काकूंची पंचाईत झाली, कारण टीव्हीवरच्या मालिकेतली सासू काय म्हणते ते मशीनच्या आवाजात ऐकू येईना. तेवढ्यात मी पहिलं लेबल चालतं का ते बघायला हेमावतीचा फोन त्याच्यावर धरला. तिचा फोन टीव्हीच्या स्पीकरला जोडलेला होता. एकदम नववी भट्टी सुरू झाली. मी घाईनं बंद करायला गेलो, घरातला कायदा मला पाठ होता.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "हे मशीनच्या वरबी ऐकू येतंय."

हे त्या माझ्यावर दया करून म्हणताहेत असं मला वाटलं. शिवाय त्या बोलण्याचा विचार करायला सवड नव्हती, कारण आमच्या सोसायटीचे चेअरमन बिरप्पा दारात उभे होते. बिरप्पा तहसील कचेरीतून निवृत्त झाले आहेत, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी मला नोटीस दिली. निवासी गाळ्यात वस्त्रोद्योग चालवल्याबद्दल.

"उद्योग नाही हो, छंद आहे," मी म्हणालो.

"मग तसं प्रतिज्ञापत्र द्या. हेतू काय ते स्पष्ट नमूद करा."

मी नोटरीकडे गेलो. हेतू म्हणून 'संगीतप्रसार' असं लिहून आणलं. बिरप्पांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे हा सांस्कृतिक कार्यक्रम झाला. याला लाउडस्पीकरची परवानगी लागते." मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "स्पीकर किती?" मी म्हणालो, बाहेर एकही नाही. "मग परवानगी कशाची?" मी म्हणालो, परवानगी लागत नाही एवढंच लिहून द्या. साहेब म्हणाले, "तसा अर्ज नसतो." मी परत आलो. बिरप्पा म्हणाले, "तसा अर्ज नसतो असं त्यांच्याकडून लेखी आणा."

माझी सगळी दिवाळी अशी कचेऱ्यांतून गेली. फराळाचा चिवडा मी नोटरीच्या बाकावर बसून डब्यातून खाल्ला. घरी येईपर्यंत मशीन बंद झालेलं असायचं आणि हॉलमध्ये हसऱ्या मृत्यूची चळत आणखी वाढलेली असायची. शेवटी प्रकरण मिटलं ते सोसायटीच्या वार्षिक सभेमुळे. सत्काराला टॉवेल कमी पडले. बिरप्पांनी आमच्याकडून एक गठ्ठा उचलला, मंचावरच्या प्रत्येकाच्या खांद्यावर एक मृत्यू टाकला आणि माझी फाइल बंद केली.

मग टॉवेल सगळीकडे झाले. बारशाला गेले, वास्तुशांतीला गेले. सकाळी बोळातून निघालं की प्रत्येक गॅलरीत वाळत घातलेला मृत्यू दात काढून हसताना दिसायचा. माझा ऊर भरून यायचा. एकदा मी धीर करून खालच्या मजल्यावरच्यांना विचारलं, लेबलावर फोन धरून बघितलात का? ते म्हणाले, "ते लेबल होय? मानेला टोचतं म्हणून पहिल्या दिवशीच कात्रीनं काढलं." आणखी चार घरी विचारलं. चारही घरी कात्री होती.

राहता राहिला हुरडा. माझी सगळी भिस्त आता त्याच्यावर होती. तिथं येणारे निदान जातिवंत शौकीन होते. टॉवेलांचे गठ्ठे उचलायला हेमावती बरोबर आली आणि हुरडा म्हटल्यावर काकूही आल्या. कुंभारीच्या शेतात आगटी पेटली होती, शेंगाचटणी आली होती. मी प्रत्येकाला टॉवेल दिला. त्याचं फार कौतुक झालं. डॉक्टर शिवानंदांनी हसऱ्या कवटीचे दात मोजून एक दाढ जास्त आहे असं सांगितलं. अमृतनं टॉवेल टकलाला गुंडाळला. फोन कोणीच बाहेर काढला नाही.

"लेबल," मी आठवण केली.

"रेंज नाही हो इथं," अमृत म्हणाला. "घरी जाऊन ऐकतो की, सवडीनं."

याची मला कल्पना होती. मी अल्बम फोनमध्ये उतरवून आणला होता. तो मी अमृतच्या स्पीकरला जोडला आणि पहिलं गाणं लावलं. शिवानंद शेजारच्याला अक्कलदाढेबद्दल सांगू लागले. दुसऱ्या गाण्याला गरम कणसं चोळून आली आणि गरम आहे तोवर खा, असं सगळ्यांनी सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. तिसरं गाणं लागलं. मी श्वास धरून बसलो. सगळी वाद्यं एकदम थांबली.

"संपलं वाटतं," अमृत म्हणाला आणि त्यानं स्पीकर बंद करायला हात पुढे केला.

"हात लावू नगा," वैजयंती काकू म्हणाल्या. त्या आगटीपाशी कणसं परतत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, नुसतं बोट वर केलं. "आत्ता येतंय."

आणि ते आलं.

मी काकूंकडे बघत राहिलो. "तुम्ही हे ऐकलंय?"

"ऐकलंय म्हंजे? समदी दिवाळी तेच केलं की. तुमी कचेरीत गेलासा की आमी दोगी लावायचो. कात्री कुटं चालवायची, मशीन कुटं थांबवायचं, समदं त्याच्या तालावर."

"शेवटपर्यंत?"

"व्हय, शेवटपत्तर. रोजच."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. इतकी वर्षं ज्या एका माणसाची वाट पाहिली ती दोन माणसं निघाली आणि तीही माझ्याच हॉलमध्ये बसलेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आगटीचा धूर होता, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"पर शेवटचं गाणं लई लांबिवलंय," काकू पुढे म्हणाल्या. "टावेलाच्या चारी कडा शिवून हुत्यात, तरी गडी संपवत न्हाय."

शेवटच्या गाण्याची लांबी हा त्या अल्बमचा आत्मा आहे. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तर हेमावती मधेच बोलली.

"मला पाचवं आवडतं. पण खरं सांगू का? हे संपलं की फोन आपोआप दुसरं लावतो ना, ते जास्त चांगलं आहे. तीन बहिणी आहेत, उरुग्वेच्या. मिठागरात वाढलेल्या. ते फारसं कोणी ऐकलेलं दिसत नाही. मी आणि काकू धरून मोजकीच माणसं असतील." ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक असेल की."

मला ठाऊक नव्हतं. तीन बहिणी, उरुग्वे, मिठागर, यांतलं काहीच ठाऊक नव्हतं. उपेक्षित अल्बम हा माझा विषय, त्यातला एक मला सोडून माझ्याच घरात वाजत होता.

"वहिनी, ते लावा की," अमृत म्हणाला. ज्या माणसानं माझ्या एकाही शिफारशीला कान दिला नव्हता, तो टकलावरचा टॉवेल सोडून पुढे सरकून बसला. हेमावतीनंही ते फोनमध्ये उतरवून ठेवलं होतं. तिनं लावलं. शिवानंद बोलायचे थांबले. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं उठलो आणि विहिरीच्या कट्ट्यापाशी जाऊन उभा राहिलो. तिथल्या ठिबकच्या पाइपांच्या ढिगाऱ्यात मला खूपच रस वाटू लागला होता. लांबून ते नीट ऐकू येत नव्हतं. परत आलो तेव्हा ताटातला हुरडा गार झाला होता आणि कोणीही तो खाल्लेला नव्हता.

"ग्रुप बंद करायचा नाही," अमृत म्हणाला. "वहिनींना ॲडमिन करतो. दर रविवारी त्या सांगतील ते ऐकायचं."

सगळ्यांनी खरेखुरे अंगठे वर केले. काकूंनीही केला. त्या कोणत्याच ग्रुपमध्ये नाहीत.

घरी निघताना हेमावती माझ्याजवळ आली. तिचा चेहरा मी फार दिवसांत इतका उत्साहानं भरलेला पाहिला नव्हता. "तुम्ही विहिरीकडे गेला होता, तुमचं ऐकायचं राहिलं. अहो, चौथ्या गाण्यात त्यातली धाकटी एकटीच गाते, मधेच तिचा आवाज फाटतो आणि ती तरी थांबत नाही. ते मला सांगता येत नाही. तुम्ही ऐकाच. शेवटपर्यंत ऐका. लिंक पाठवते."

मी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. जमेल तेवढ्या मानानं आणि शांतपणानं मी म्हणालो, "पाठवून ठेव. ऐकतो सवडीनं."

हेमावतीनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला, त्याची नीट घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवून दिला.